अ‍ॅडवेअर: जाहिरातींवर चालणारं सॉफ्टवेअर, त्याचा अर्थ आणि उगम

टॉर्चचं, पीडीएफ वाचायचं किंवा फोटो सजवायचं एखादं फुकटातलं अ‍ॅप फोनवर घेतलं आणि दोन-चार दिवसांत कुठलंही अ‍ॅप उघडलेलं नसताना पडद्यावर जाहिराती येऊ लागल्या, हा अनुभव आता घरोघरी आहे. दुरुस्तीच्या दुकानात फोन दाखवला तर बहुतेक वेळा ‘व्हायरस शिरलाय’ एवढंच उत्तर मिळतं. मग फोन पूर्ण पुसून परत हातात दिला जातो आणि त्याबरोबर फोटो, नंबर, जुने निरोप सगळंच जातं. खरं तर अशा बहुतांश तक्रारींमागे व्हायरस नसतो, अ‍ॅडवेअर असतं. दोन्हींत फरक आहे आणि उपायही वेगळे आहेत. म्हणून या नावाचा अर्थ, त्याचा इतिहास आणि त्यामागचा पैशांचा व्यवहार नीट समजून घ्यायला हवा.

नावाचे दोन अर्थ

‘अ‍ॅडव्हर्टायझिंग’ आणि ‘सॉफ्टवेअर’ हे दोन शब्द जोडून ‘अ‍ॅडवेअर’ हे नाव झालं. आज ते दोन अर्थांनी वापरलं जातं.

पहिला अर्थ सरळ आहे. ज्या सॉफ्टवेअरचा खर्च वापरणाऱ्याच्या खिशातून न निघता जाहिरातदाराकडून निघतो, ते अ‍ॅडवेअर. प्रोग्रॅम फुकट मिळतो आणि त्याच्या खिडकीत एका बाजूला जाहिरात दिसत राहते. पतपेढी किंवा किराणा दुकानदार दिवाळीनंतर गिऱ्हाइकांना कॅलेंडर फुकट देतो, तसाच हा व्यवहार. कॅलेंडरवर दुकानाचं नाव ठळक असतं, ते कोणी लपवत नाही आणि नको झालं तर खिळ्यावरून काढून ठेवता येतं.

दुसरा अर्थ बदनामीचा आहे. न सांगता किंवा अर्धवट सांगून संगणकात वा फोनमध्ये शिरणारं, नको तिथे जाहिराती दाखवणारं, ब्राउझरचं मुखपृष्ठ परस्पर बदलणारं आणि काढायला गेलं तर सहज न निघणारं सॉफ्टवेअर, असा तो अर्थ. आज अँटिव्हायरसच्या यादीत ‘अ‍ॅडवेअर’ असा शेरा दिसतो, तो या दुसऱ्या अर्थाने.

एकाच नावाला इतके लांबचे दोन अर्थ कसे चिकटले, हे त्याच्या इतिहासात दिसतं.

‘वेअर’चं घराणं

इंग्रजीत ‘हार्डवेअर’ म्हणजे मुळात खिळे, बिजागऱ्या, कुलपं असं लोखंडी सामान. संगणकाच्या यंत्रभागाला तेच नाव मिळालं. यंत्राला चालवणाऱ्या सूचनांसाठी ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी १९५८ साली ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’ या नियतकालिकातल्या लेखात वापरला आणि पुढे तो जगभर रुळला.

१९८० नंतर घरगुती संगणक पसरले आणि सॉफ्टवेअर विकायचं कसं, हा प्रश्न उभा राहिला. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर नक्कल करायला काहीच कष्ट नव्हते. १९८२ मध्ये अँड्र्यू फ्लुगेलमन यांनी ‘पीसी-टॉक’ हा प्रोग्रॅम लोकांना खुशाल वाटू दिला आणि आवडला तर पैसे पाठवा, असं आवाहन केलं. या पद्धतीला त्यांनी ‘फ्रीवेअर’ म्हटलं. त्याच सुमारास जिम नॉफ यांनी ‘पीसी-फाइल’ याच वाटेनं लोकांपर्यंत पोचवलं. मायक्रोसॉफ्टच्या अगदी सुरुवातीच्या कर्मचाऱ्यांपैकी बॉब वॉलेस यांनी तिथून बाहेर पडून १९८३ मध्ये ‘पीसी-राइट’ हा लेखनाचा प्रोग्रॅम काढला. ‘शेअरवेअर’ हे नाव रूढ होण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

ही सगळी नावं एकाच प्रश्नाचं उत्तर देतात: पैसे कोणी आणि कधी द्यायचे? आजच्या अर्थानं फ्रीवेअरला कोणीच नाही, शेअरवेअरला आधी वापरून मग वापरणाऱ्यानं. अ‍ॅडवेअर याच घराण्यात जन्मलं. त्याचं उत्तर होतं, जाहिरातदारानं. १९८७ साली मॅकिंटॉश संगणकाच्या वापरकर्त्यांच्या चर्चेत, तिथल्याच एका प्रोग्रॅमच्या संदर्भात हा शब्द वापरला गेल्याची नोंद आहे. म्हणजे ‘विंडोज’वरच्या पॉपअप जाहिरातींचा सुळसुळाट होण्याच्या कितीतरी आधी हे नाव अस्तित्वात होतं.

दुसरं एक घराणं मात्र वागणुकीवरून ओळखलं जातं. त्रास देणाऱ्या सगळ्याच प्रोग्रॅमना मिळून ‘मालवेअर’ हे नाव १९९० मध्ये इस्रायली संगणकतज्ज्ञ यिस्रायल राडाई यांनी दिलं. हेरगिरी करणाऱ्यांसाठीचं ‘स्पायवेअर’ हे नाव २००० च्या सुमारास सुरक्षा कंपन्यांच्या प्रसिद्धीतून सर्वतोमुखी झालं. अ‍ॅडवेअरची पुढची सगळी कहाणी म्हणजे पहिल्या घराण्यातून या दुसऱ्या घराण्याकडे झालेली घसरण.

उघड सौदा: जूनो, युडोरा आणि ऑपेरा

सुरुवातीची काही उदाहरणं आवर्जून लक्षात ठेवावीत अशी आहेत. १९९६ मध्ये अमेरिकेत ‘जूनो’नं फुकट ई-मेल सुरू केली. डायल-अप मोडेमवरून मेल उतरायची आणि सोबत जाहिराती दिसायच्या. त्या काळी ज्यांना महिन्याची इंटरनेटची वर्गणी परवडत नव्हती, त्यांच्यासाठी ही मोठीच सोय होती.

‘युडोरा’ हा ई-मेल वाचण्याचा प्रोग्रॅम स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात लिहिला. पुढे तो क्वालकॉम कंपनीकडे गेला. २००० च्या सुमारास आलेल्या ४.३ या आवृत्तीत वापरणाऱ्यापुढे तीन पर्याय ठेवले होते. पैसे भरा आणि सगळ्या सोयी घ्या. किंवा कोपऱ्यातल्या छोट्या खिडकीत जाहिरात चालवून घ्या आणि त्याच सोयी फुकट मिळवा. किंवा जाहिरातही नको आणि पैसेही नकोत, तर मोजक्या सोयींची हलकी आवृत्ती वापरा. तिन्ही पर्याय शेजारी शेजारी लिहिलेले होते आणि कधीही एकावरून दुसऱ्यावर जाता येत होतं.

नॉर्वेच्या ‘ऑपेरा’ ब्राउझरनंही डिसेंबर २००० मध्ये पाचव्या आवृत्तीपासून हीच वाट धरली. वरच्या पट्टीत जाहिरात असे. ती नको असेल तर परवाना विकत घ्यायचा. गुगलसारख्या शोधयंत्रांशी झालेल्या करारांतून उत्पन्न मिळू लागल्यावर, सप्टेंबर २००५ मध्ये ऑपेरानं जाहिरात आणि शुल्क दोन्ही काढून टाकलं.

या तिन्ही ठिकाणी जाहिरात प्रोग्रॅमच्या स्वतःच्या चौकटीत राहिली. प्रोग्रॅम बंद केला की जाहिरात बंद आणि प्रोग्रॅम काढला की तीही गेली. अ‍ॅडवेअर या नावाचा पहिला अर्थ असा उजळ होता.

घसरण कुठे सुरू झाली

छोट्या प्रोग्रॅमरना स्वतः जाहिरातदार शोधणं जमत नव्हतं. ती गरज ओळखून ऑरिएट, कंड्युसंट अशा मध्यस्थ कंपन्या उभ्या राहिल्या. प्रोग्रॅमरनं त्यांचा जाहिराती आणणारा तुकडा आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडायचा आणि उत्पन्नात वाटा घ्यायचा, अशी ती रचना. खरी गोम इथे आहे. आता संगणकात दोन वेगवेगळ्या मालकांची सॉफ्टवेअरं एकत्र येत होती आणि वापरणाऱ्याला माहीत असायचं एकाचंच नाव. मूळ प्रोग्रॅम काढून टाकला तरी जाहिरातीचा तुकडा मागे राहायचा.

२००० च्या सुरुवातीला अमेरिकेतले प्रोग्रॅमर स्टीव्ह गिब्सन यांना आपल्याच संगणकात असे तुकडे सापडले. त्यांनी ते शोधून काढणारा ‘ऑप्टआउट’ नावाचा छोटा प्रोग्रॅम फुकट उपलब्ध करून दिला. हे तुकडे गुपचूप माहिती गोळा करतात, हा आपला आरोप त्यांनी पुढे मागे घेतला. मात्र ते नकळत शिरतात आणि निघता निघत नाहीत, हा आक्षेप त्यांनी सोडला नाही. लाव्हासॉफ्ट या कंपनीनं ‘अ‍ॅड-अवेअर’ हा प्रोग्रॅम १९९९ मध्येच आणला होता. वापरणाऱ्यांच्या बाजूनं सफाईचा एक नवा उद्योगच यातून उभा राहिला.

याच काळात ‘गेटर’ घरोघरी पोचला. पासवर्ड लक्षात ठेवणारा आणि वेबवरचे अर्ज आपोआप भरणारा हा उपयोगी प्रोग्रॅम होता. त्याच्या जोडीनं येणारा जाहिरातीचा भाग मात्र वापरणारा कोणत्या संकेतस्थळावर आहे हे पाहायचा आणि त्यावर आपली जाहिरात आणून ठेवायचा. एखादं वर्तमानपत्र वाचताना त्याच्या पानावर गेटरनं विकलेली जाहिरात दिसायची आणि त्या वर्तमानपत्राला त्यातला छदामही मिळायचा नाही. फायलींची देवाणघेवाण करणाऱ्या ‘कझा’सारख्या लोकप्रिय प्रोग्रॅमच्या पोटातून असे तुकडे लाखो संगणकांत गेले. २००३ मध्ये गेटर कंपनीनं ‘क्लॅरिया’ असं नाव घेतलं. त्या एका वर्षाचं तिचं उत्पन्न सुमारे ९ कोटी डॉलर होतं. एवढा पैसा दिसल्यावर अनुकरण करणारे गप्प बसणार नव्हते.

पैसा कसा फिरतो

जाहिरातीच्या धंद्यात मोजणीच्या तीन मुख्य पद्धती आहेत: किती वेळा जाहिरात दिसली, किती वेळा तिच्यावर बोट टेकलं गेलं आणि किती ठिकाणी सॉफ्टवेअर बसवलं गेलं. उघड जाहिरात पहिल्या दोन पद्धतींवर चालू शकते. तिसऱ्या पद्धतीनं मात्र फसवणुकीला भरपूर खतपाणी घातलं.

दर इन्स्टॉलमागे पैसे मिळणार असतील, तर जो जास्तीत जास्त संगणकांवर ते बसवेल त्याचा फायदा. वापरणाऱ्याला ते हवंय की नाही, हा प्रश्नच हिशेबात येत नाही. गुगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये या बाजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका इन्स्टॉलमागे साधारण १० सेंट ते दीड डॉलर एवढा भाव त्यांना दिसला आणि सर्वांत चढा भाव अमेरिकेतल्या संगणकांना होता. अशा नको असलेल्या सॉफ्टवेअरबद्दल गुगलच्या सुरक्षा यंत्रणेला आठवड्याला सहा कोटींहून अधिक इशारे द्यावे लागत होते. निव्वळ मालवेअरसाठीच्या इशाऱ्यांच्या जवळपास तिप्पट हे प्रमाण होतं.

हा व्यवहार वापरणाऱ्यापर्यंत कसा पोचतो, ते इन्स्टॉल करतानाच्या पडद्यावर दिसतं. फुकटचा व्हिडिओ प्लेअर आपण उतरवतो. पहिल्या पडद्यावर दोन गोल: ‘शिफारस केलेली पद्धत’ आणि ‘स्वतः निवडा’. पहिल्यावर आधीच खूण आहे आणि तिची अक्षरं ठळक आहेत. दुसऱ्याची अक्षरं फिकट राखाडी, जणू ते बटण बंदच आहे. पहिली निवड ठेवून ‘पुढे’ दाबलं की एक टूलबार, एक शोधयंत्र आणि संगणकाचा वेग वाढवण्याचा दावा करणारा एक प्रोग्रॅम सोबत उतरतो. दुसरी निवड केली तर या तिन्हींसमोरचे चौकोन दिसतात आणि त्या प्रत्येकात आधीच टिक केलेली असते. काढणं आपल्या हातात असतं खरं, पण ते चौकोन शोधायची जबाबदारीही आपल्यावरच टाकलेली असते. यालाच ‘संमती’ म्हटलं जातं आणि तिच्याच आधारे कंपन्या पुढे कोर्टात बाजू मांडतात.

नावावरून झालेले कज्जे

‘वॉशिंग्टन पोस्ट’सह अनेक प्रकाशकांनी २००२ मध्ये गेटरवर दावा लावला. फेब्रुवारी २००३ मध्ये तो तडजोडीनं मिटला. त्याच वर्षी गेटरनं ‘पीसी पिटस्टॉप’ या कंपनीवर बदनामीचा दावा केला, कारण तिनं गेटरला ‘स्पायवेअर’ म्हटलं होतं. तोही तडजोडीनं मिटला आणि तो मजकूर काढून टाकला गेला. म्हणजे आपल्या मालाला ‘अ‍ॅडवेअर’ म्हणायचं की ‘स्पायवेअर’, यावर कंपन्या कोर्टात जायला तयार होत्या. ‘अ‍ॅडवेअर’ हे त्यातल्या त्यात सभ्य नाव होतं, म्हणून ज्यांची करणी हेरगिरीच्या जवळची होती त्यांनीही ते अंगाला लावून घेतलं. या नावाची पत गेली ती अशी.

अशा दाव्यांच्या धाकानं अँटिव्हायरस कंपन्यांनी ‘पीयूपी’ हे मवाळ नाव पुढे आणलं. ‘बहुधा नको असलेला प्रोग्रॅम’ असा त्याचा अर्थ. आजही सफाईच्या प्रोग्रॅममध्ये ही तीन अक्षरं दिसली, तर त्यामागे बहुतेक वेळा अ‍ॅडवेअरच असतं.

कोर्टांचे निकाल सगळे एकाच बाजूनं लागले नाहीत. कॉन्टॅक्ट लेन्स विकणाऱ्या एका कंपनीनं ‘व्हेनयू’ या अ‍ॅडवेअर कंपनीवर लावलेल्या दाव्यात, दुसऱ्याच्या संकेतस्थळावर पॉपअप दाखवल्यानं व्यापारचिन्हाचा भंग होत नाही, असं अमेरिकेच्या अपील न्यायालयानं २००५ मध्ये ठरवलं. ग्राहकांची फसवणूक या अंगानं गेलेली प्रकरणं मात्र कंपन्यांना महाग पडली. न्यूयॉर्कचे अ‍ॅटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी २००५ मध्ये ‘इंटरमिक्स’ या अ‍ॅडवेअर पसरवणाऱ्या कंपनीवर दावा लावला आणि ७५ लाख डॉलरवर तडजोड झाली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं नोव्हेंबर २००६ मध्ये ‘झँगो’ या अ‍ॅडवेअर कंपनीकडून ३० लाख डॉलर वसूल करण्याची तडजोड केली. झँगोनं ‘कॅस्परस्की’ या अँटिव्हायरस कंपनीवर, आपला प्रोग्रॅम अडवला म्हणून, उलट दावा केला होता. जून २००९ मध्ये अपील न्यायालयानं कॅस्परस्कीच्या बाजूनं निकाल दिला. नको ते सॉफ्टवेअर अडवणाऱ्यांना कायद्याचं संरक्षण आहे, हे त्यातून स्पष्ट झालं. झँगो त्याआधीच, एप्रिल २००९ मध्ये, बंद पडली होती. क्लॅरियानंही २००६ मध्ये हा धंदा सोडला.

नव्या कोऱ्या लॅपटॉपमधलं अ‍ॅडवेअर

अ‍ॅडवेअर नुसतं त्रासदायक असतं की धोकादायकही, या प्रश्नाचं सर्वांत स्पष्ट उत्तर २०१५ मध्ये मिळालं. लेनोव्हो कंपनीनं २०१४ च्या उत्तरार्धात काही लॅपटॉप विकताना त्यांत ‘सुपरफिश’ कंपनीचं जाहिरातीचं सॉफ्टवेअर आधीच घालून दिलं होतं. आपण एखाद्या वस्तूचं चित्र पाहिलं की तशाच वस्तूंच्या जाहिराती ते त्या पानावर आणत असे.

आता त्यातली अडचण पाहा. बँक किंवा खरेदीच्या संकेतस्थळाशी आपला ब्राउझर बोलतो तेव्हा मजकूर कुलूपबंद असतो आणि समोरची बँक खरी आहे हे एका डिजिटल प्रमाणपत्रावरून ओळखलं जातं. कुलूपबंद पानात जाहिरात घुसवायची तर कुलूप उघडावं लागतं. त्यासाठी सुपरफिशच्या सॉफ्टवेअरनं संगणकाच्या ‘विश्वासू’ यादीत स्वतःचं मूळ प्रमाणपत्र घालून ठेवलं. मग कुठल्याही संकेतस्थळाच्या नावानं ते स्वतःच प्रमाणपत्र तयार करायचं आणि ब्राउझर ते खरं मानायचा.

त्याहून वाईट म्हणजे सगळ्या लॅपटॉपमध्ये एकच गुप्त किल्ली वापरलेली होती. सुरक्षातज्ज्ञ रॉबर्ट ग्रॅहम यांनी ती थोड्याच वेळात बाहेर काढली. तिचा पासवर्ड होता ‘कोमोडिया’, म्हणजे हे तंत्र पुरवणाऱ्या कंपनीचंच नाव. ती किल्ली हाती आलेला कोणीही, त्याच वाय-फायवर बसून, अशा लॅपटॉपवरचं बँकेचं पान बेमालूम खोटं करू शकत होता. अमेरिकी सरकारच्या सायबर यंत्रणेनं हे सॉफ्टवेअर काढून टाकण्याचा सल्ला दिला. लेनोव्होनं माफी मागितली आणि काढण्याचं साधन दिलं. सप्टेंबर २०१७ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन आणि ३२ राज्यांशी तिची तडजोड झाली आणि राज्यांना ३५ लाख डॉलर मिळाले.

इथे कोणाच्या बँक खात्यावर डल्ला मारायचा हेतू नव्हता, फक्त जाहिराती दाखवायच्या होत्या. पण तेवढ्यासाठी घराच्या मुख्य दाराचं कुलूपच निकामी करून ठेवलं गेलं. ‘जाहिरातीच तर आहेत, दुर्लक्ष करा’ असं सांगणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

मोबाइल आणि भारत

फोन आल्यावर अ‍ॅडवेअरनं मुक्काम हलवला. भारतात कोट्यवधी लोकांचा पहिला संगणक म्हणजे त्यांचा अँड्रॉइड फोन. अ‍ॅपसाठी पैसे मोजायची सवय इथे कमी आणि कमी किमतीच्या फोनवर अनधिकृत ठिकाणांहून अ‍ॅप घेण्याचं प्रमाण मोठं, त्यामुळे जमीन आयतीच तयार होती.

जुलै २०१९ मध्ये ‘चेक पॉइंट’ या सुरक्षा कंपनीनं ‘एजंट स्मिथ’ या नावानं एक प्रकार उघडकीला आणला. जगभरात सुमारे अडीच कोटी फोनमध्ये तो होता आणि त्यांतले जवळजवळ दीड कोटी एकट्या भारतातले. ‘नाइनअ‍ॅप्स’ या पर्यायी अ‍ॅप दुकानातून आलेला खेळ किंवा फोटोचं अ‍ॅप ही त्याची पहिली पायरी. आत आल्यावर ते गुगलच्या अपडेटचं सोंग घ्यायचं, फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपसारखी कोणती अ‍ॅप आहेत ते पाहायचं आणि अँड्रॉइडमधल्या जुन्या त्रुटींचा फायदा घेऊन त्यांच्या जागी बदललेली प्रत बसवायचं. अ‍ॅप नेहमीसारखंच चालायचं, फक्त जाहिराती दाखवायचं. वापरणाऱ्याला संशय येणार तरी कसा?

अधिकृत दुकानही पूर्ण निर्धोक नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये गुगलनं त्रासदायक जाहिराती दाखवणारी जवळपास ६०० अ‍ॅप प्ले स्टोअरवरून काढून टाकली. अ‍ॅप वापरात नसतानाही पूर्ण पडदा व्यापणारी जाहिरात दाखवणं, हा त्यातला प्रमुख ठपका होता. मॅकवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. कॅस्परस्कीच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये तिच्या मॅक वापरकर्त्यांपैकी दहातल्या एकाच्या वाट्याला ‘श्लेयर’ हे अ‍ॅडवेअर पसरवणारं सॉफ्टवेअर आलं. फ्लॅश प्लेअरच्या खोट्या अपडेटचा वेष घेऊन ते यायचं.

आपला कायदा काय सांगतो

भारतात ‘अ‍ॅडवेअर’ या नावाचा स्वतंत्र कायदा नाही, पण तीन ठिकाणी आधार सापडतो.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीविना संगणकात ‘दूषित’ करणारा प्रोग्रॅम किंवा व्हायरस घालणं भरपाईला पात्र आहे. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूनं केलं, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विषयी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. वापरणाऱ्याला चकवणाऱ्या १३ क्लृप्त्या त्यांत नोंदवल्या आहेत. वेष बदललेली जाहिरात, सतत भुणभुण लावणं, प्रश्नाची दिशाभूल करणारी मांडणी, तुमच्या संगणकात व्हायरस आहे असं खोटंच सांगून घाबरवणं, ही त्यातली काही. अ‍ॅडवेअरच्या बऱ्याच सवयी या यादीत ओळखू येतात.

तिसरा आधार डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ चा. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्यानं अमलात येत आहेत. माहिती वापरायची संमती मुक्त, नेमकी, समजून दिलेली आणि स्पष्ट कृतीनं दिलेली हवी, असं हा कायदा म्हणतो. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचता येईल, अशी सोय त्यात आहे. त्या २२ भाषांत मराठी आहे. इंग्रजीतल्या वीस पानी अटी न वाचता ‘ठीक’ दाबणाऱ्या आपल्या आई-वडिलांसाठी ही तरतूद फार मोलाची आहे. मराठी वाचकांनी ती कंपन्यांकडे मागून घेतली पाहिजे.

ओळखावं कसं, काढावं कसं

फोन पुसून टाकण्याआधी पुढच्या गोष्टी क्रमानं करून पाहाव्यात.

१. जाहिरात पडद्यावर असतानाच अलीकडे वापरलेल्या अ‍ॅपची यादी उघडावी. ज्या अ‍ॅपनं जाहिरात दाखवली त्याचं नाव किंवा चिन्ह बऱ्याचदा तिथे दिसतं.

२. सेटिंगमध्ये ‘इतर अ‍ॅपवर दिसण्याची परवानगी’ कोणाकोणाला आहे ते पाहावं. टॉर्चला किंवा कॅल्क्युलेटरला ही परवानगी लागायचं काहीच कारण नाही.

३. अ‍ॅप निघत नसेल, तर त्याला ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’चा अधिकार दिला गेला आहे का ते तपासावं, तो काढावा आणि मग अ‍ॅप काढावं. तरीही अडत असेल, तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करावा. त्यात आपण घातलेली अ‍ॅप चालत नाहीत आणि काढणं सोपं जातं.

४. जाहिराती सूचनेच्या रूपात येत असतील, तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणकोणत्या संकेतस्थळांना सूचना पाठवायची मुभा दिली आहे ते पाहावं. अनेकदा अ‍ॅडवेअर नसतंच, कधीतरी चुकून ‘परवानगी द्या’ दाबलेलं असतं. ती मुभा काढली की काम झालं.

५. संगणकावर ब्राउझरची एक्स्टेन्शन, मुखपृष्ठ आणि शोधयंत्र तपासावं. कंट्रोल पॅनेलमधली प्रोग्रॅमची यादी तारखेनुसार लावून, त्रास सुरू झाला त्या सुमारास काय आलं ते शोधावं.

६. भारत सरकारच्या ‘सर्ट-इन’नं २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर सफाईची साधनं फुकट मिळतात. पैशांची फसवणूक झाली असेल, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

पुढे त्रास होऊ नये म्हणून एक सवय बरीच मदत करते. संगणकावर इन्स्टॉल करताना नेहमी ‘स्वतः निवडा’ घ्यावं आणि सोबत आलेल्या प्रत्येक गोष्टीसमोरची टिक काढावी.

पारख करणारे चार प्रश्न

फुकटच्या प्रत्येक अ‍ॅपकडे संशयानं पाहावं, असं माझं म्हणणं नाही. जाहिराती नसत्या तर पंचांगाची, बातम्यांची, अभ्यासाची अनेक मराठी अ‍ॅप फुकट चालूच शकली नसती. ज्याच्याकडे द्यायला पैसे नाहीत त्यालाही सॉफ्टवेअर वापरता यावं, ही या पद्धतीची मूळ प्रेरणा चांगली होती आणि आजही आहे. फक्त पैसे कोण देतं एवढ्यावरून सॉफ्टवेअरला चांगलं-वाईट ठरवता येत नाही. ते वागतं कसं, हे पाहावं लागतं.

त्यासाठी चार प्रश्न विचारावेत. जाहिराती येणार, हे घेण्याआधी मला समजेल अशा भाषेत सांगितलं होतं का? जाहिरात त्या अ‍ॅपच्या स्वतःच्या चौकटीत राहते, की दुसऱ्याच्या पानावर आणि माझ्या लॉक पडद्यावर चढते? माझ्याबद्दलची कोणती माहिती बाहेर जाते, हे मला कळतं का? आणि नको झालं, तर ते एका झटक्यात पूर्ण निघतं का?

चारही उत्तरं समाधानकारक असतील, तर ते अ‍ॅप खुशाल वापरावं. त्यातल्या जाहिरातीनं कोणाचं नुकसान होत नाही आणि बनवणाऱ्याला त्याच्या कष्टाचे पैसे मिळतात. एक जरी उत्तर समाधानकारक नसेल तर ते काढून टाकावं, प्ले स्टोअरवर तसा शेरा मराठीत लिहावा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्येही ते आहे का, हे आजच तपासावं. त्यांच्या फोनवर बँक असते, पेन्शनचा निरोप येतो आणि पडद्यावर जे दिसतं ते खरंच असेल, असं मानण्याची त्यांना सवय असते. ज्यांना हे सगळं कळतं त्यांनी त्यांच्यासाठी अर्धा तास काढला, तर अ‍ॅडवेअरच्या धंद्याला लागणारं सर्वांत मोठं भांडवल, म्हणजे वापरणाऱ्याचं अज्ञान, निदान आपल्या घरापुरतं तरी संपेल.